हिरडी आणि हृदय : प्रस्तावना

बेल्ह्याचा सोमवारचा बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना बैल कसा पारखतात हे सांगायला नको. गिऱ्हाईक आधी लांबून चाल बघतं, मग वशिंड, खूर, पाठीची ठेवण, आणि भावाचं बोलणं निघायच्या आधी बैलाच्या तोंडाशी येतं. एका हाताने वेसण धरायची, दुसऱ्या हाताने खालचा ओठ खाली ओढायचा. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, त्यामुळे सगळा निवाडा खालच्या आठ दातांवर. दुधाचे दात शाबूत असले तर अदंत. मधले दोन पडून पक्के आले की दोनदाती. मग चारदाती, सहादाती, आणि आठही आले की जुळला. व्यापारी वय कमी करून सांगेल, पण ओठ ओढला की खरं कळतं. दात झिजलेले, हलणारे दिसले की किंमत तिथल्या तिथे उतरते. ज्या जनावराला नीट चावता येत नाही ते खाणार काय आणि औत ओढणार काय, असा तो सरळ हिशेब.

बैलाचा ओठ ओढणारी ही माणसं स्वतःच्या तोंडाबद्दल मात्र फार उदार असतात. पन्नाशीतल्या कुणालाही विचारा. खालच्या पुढच्या दातांच्या मागे पिवळट-काळा थर साठलेला, हिरड्या जांभळट आणि फुगलेल्या, एक दाढ हलतेय, दुसरी ‘आपोआप पडली’. सकाळी चूळ टाकताना लाल दिसतं, तर ‘उष्णता झाली असेल’. दाताचा डॉक्टर शेवटचा उपाय, तोही ठणका लागून रात्रभर झोप मोडली तर. आणि मुळात एक पक्की समजूत, की वय झालं की दात जायचेच. ही समजूत चुकीची आहे. दात वयाने जात नाहीत; हिरड्यांच्या आजाराने, किडीने आणि हयगयीने जातात. वय एवढंच करतं, की या तिघांना काम करायला भरपूर वर्षं देतं.

पुढच्या पानांचा विषय याहून एक पाऊल पुढचा आहे. हिरड्यांच्या दीर्घ आजाराचा हृदयाशी काही संबंध असतो का? गेल्या काही वर्षांत या संबंधाची बातमी वर्तमानपत्राच्या आरोग्य पुरवणीपासून फोनवर फिरणाऱ्या निरोपांपर्यंत सगळीकडे पोचली आहे, आणि पोचता पोचता तिचा आवाज चढत गेला आहे. ‘दात घासा, हार्ट अटॅक टाळा’ इथवर मजल गेली. दुसऱ्या टोकाला, ‘दाताचा आणि काळजाचा काय संबंध’ म्हणून हसणारेही आहेत, आणि त्यांत पदवीधर डॉक्टरही आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. संबंध आहे. तो योगायोगाने दिसतो असं म्हणण्याची वेळ निघून गेली. पण हिरडी बिघडली म्हणून हृदय बिघडलं, असं छातीठोकपणे म्हणण्याइतका पुरावा अजून हातात नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत खरा विषय आहे, आणि ती जागा घाबरवणाऱ्यांनीही ओलांडून टाकली आहे, हसणाऱ्यांनीही.

आधी हिरडीत नेमकं काय घडतं ते पाहू. दात घासून झाल्यावर काही तासांतच दातावर जंतूंचा एक चिकट, डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा बसायला लागतो. रोज निघाला तर बिघडत नाही. राहिला तर लाळेतल्या क्षारांनी तो घट्ट होतो, त्याचं कीटण बनतं, आणि मग ब्रशने कितीही घासलं तरी ते हलत नाही. 1965 साली डेन्मार्कमधल्या आरहूस इथे हाराल्ड लोए या दंतशास्त्रज्ञाने निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. त्यांतले बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर त्या पूर्ववत झाल्या. इतका साधा प्रयोग, पण दोन गोष्टी त्याने कायमच्या ठरवून टाकल्या: हिरडी सुजते ती या थरानेच, आणि सुरुवातीच्या टप्प्यावर ती पूर्ण बरी होते.

हा टप्पा हातचा गेला की मग ज्याला आपल्याकडे सर्रास ‘पायरिया’ म्हणतात तो सुरू होतो. हिरडी दातापासून सुटते, मध्ये खाच तयार होते, सूज खाली हाडापर्यंत उतरते आणि दाताला धरून ठेवणारं हाड हळूहळू झिजतं. झिजलेलं हाड सहसा परत भरून येत नाही. दंतवैद्य एक बारीक, खुणा केलेली सळई या खाचेत घालून खोली मोजतो. एक ते तीन मिलिमीटर ठीक. चार आणि पुढे गेलं की आजार. दोन-चार मिलिमीटरचं काय एवढं, असं वाटेल. पण तोंडात अठ्ठावीस-तीस दात असतात आणि प्रत्येकाच्या सभोवार ही खाच असते. आजार पसरलेल्या माणसाच्या या सगळ्या खाचांची आतली सुजलेली बाजू सपाट मांडली, तर ती आठ ते वीस चौरस सेंटिमीटर भरते, असा हिशेब संशोधकांनी मांडला आहे. एवढी जखम नडगीवर असती आणि वर्षानुवर्षं ओली राहिली असती, तर घरच्यांनी माणसाला गाडीत घालून आळेफाट्याच्या दवाखान्यात नेलं असतं. तोंडातली ती दिसत नाही, आणि मुख्य म्हणजे दुखत नाही. किडलेली दाढ बोंब मारते. हिरडी गुपचूप झिजते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार जगात शंभर कोटींहून अधिक लोकांना हा आजार तीव्र स्वरूपात आहे.

इथे एका गैरसमजाचा हिशेब चुकता करायला हवा, कारण त्याच्यापायी हजारो दात गेले आहेत. ‘दात साफ करून घेतले की ते ढिले होतात.’ हे म्हणणाऱ्या माणसाचा अनुभव खोटा नसतो. वर्षानुवर्षं साठलेलं कीटण दातांच्या फटीत सिमेंटसारखं बसलेलं असतं. हाड झिजलेलं असतं, पण या सिमेंटने दात एकमेकांना धरून असतात. ते काढलं की फटी उघड्या पडतात, थंड पाणी झोंबतं, जीभ फिरवली की दात हलल्यासारखा वाटतो. दात ढिला झाला होता तो आधीच. सफाईने फक्त तो उघडकीला आणला. दंतवैद्याने हे सफाईच्या आधी सांगितलं तर माणूस पुन्हा येतो. नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

आता हृदयाकडे. इथे दोन वेगवेगळ्या वाटा आहेत आणि बहुतेक गोंधळ त्या एकत्र केल्याने होतो. एक वाट थेट आहे, जुनी आहे आणि तिच्याबद्दल वाद नाही. 1935 साली ओकेल आणि इलियट या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी दाखवलं की दात काढल्यावर काही वेळ रक्तात तोंडातले जंतू सापडतात, आणि हिरड्या जितक्या बिघडलेल्या तितकं हे प्रमाण जास्त. निरोगी माणसाचं शरीर ते जंतू थोड्या वेळात निपटून काढतं. पण ज्याची हृदयाची झडप लहानपणीच्या सांधेतापाने बिघडली आहे, किंवा ज्याला कृत्रिम झडप बसवली आहे, त्याच्या झडपेवर हे जंतू ठाण मांडू शकतात. मग बारीक ताप येतो, तो जात नाही, वजन उतरतं, आणि निदान वेळेत झालं नाही तर जिवावर बेततं. लहानपणी सांधे सुजून ताप आलेली आणि मग दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेणारी माणसं आपल्या गावागावांत होती, अजूनही आहेत. त्यांच्यासाठी तोंडाची निगा हा काही हौसेचा भाग नाही. झडपेची शस्त्रक्रिया ठरली की मोठ्या रुग्णालयात आधी दाताच्या डॉक्टरची चिठ्ठी मागतात, ती याचसाठी.

दुसरी वाट रक्तवाहिन्यांच्या अडथळ्याची, म्हणजे लोक ज्याला ‘ब्लॉकेज’ म्हणतात त्याची. वाद आहे तो इथे. रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबी साठते एवढंच पूर्वी सांगितलं जायचं. आता आपल्याला माहीत आहे की ती नुसती साठत नाही, तिथे सूजही धुमसत असते, आणि त्या सुजेनेच तो थर फुटतो, गुठळी होते, झटका येतो. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, आधी झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून जास्त रुग्णांपैकी काहींना चरबीला हात न लावता फक्त सूज कमी करणारं औषध दिलं. पुढचे झटके आणि तत्सम घटना साधारण पंधरा टक्क्यांनी कमी झाल्या. सूज ही बघ्याची भूमिका करत नाही, ती कटात सामील आहे, हे त्यातून पक्कं झालं. मग प्रश्न साहजिकच येतो, की शरीरात दुसरीकडे वर्षानुवर्षं पेटलेली सूज, म्हणजे हिरडीतली, या आगीत तेल ओतते का? पायरियाच्या रुग्णांच्या रक्तात सूज दाखवणारी प्रथिनं वाढलेली सापडतात. 2000 साली मानेच्या रक्तवाहिनीतून काढलेल्या पन्नास थरांची तपासणी झाली, त्यांतल्या 44 टक्के थरांत हिरडीच्या आजारातल्या एका तरी जंतूचा अंश मिळाला. अंश मिळाला, म्हणजे जंतूने तिथे गुन्हा केला असं होत नाही; वाटसरूच्या पावलांचे ठसेही रस्त्यावर मिळतात. पण तो तिथवर पोचतो, हे खरं.

माणसांच्या मोठ्या समूहांवरचा अभ्यास सुरू झाला तो 1989 पासून. त्या वर्षी फिनलंडमध्ये किम्मो माटिला आणि सहकाऱ्यांनी नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्या शंभर रुग्णांची तोंडं तपासली आणि जवळजवळ तेवढ्याच इतर माणसांशी ताडून पाहिली. झटका आलेल्यांची तोंडं जास्त खराब निघाली. 1993 साली अमेरिकेतल्या जवळपास दहा हजार लोकांच्या पाहणीतून निघालं की पायरिया असलेल्यांना हृदयरोगाचा धोका 25 टक्क्यांनी जास्त. सात वर्षांनी त्याच पाहणीतल्या माहितीची दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा चाळणी केली आणि म्हटलं, खात्रीचा संबंध दिसत नाही. एकाच विहिरीचं पाणी, एकाला गोड लागलं, दुसऱ्याला मचूळ. मला या प्रसंगाचं फार महत्त्व वाटतं, कारण विज्ञान कसं चालतं ते त्यात उघडं पडतं. पुढे 2016 साली स्वीडनमध्ये पहिला झटका आलेले 805 रुग्ण आणि त्यांच्याच वयाचे, त्याच भागातले 805 निरोगी लोक, दोघांच्याही जबड्यांचे एक्स-रे काढून तुलना झाली. धूम्रपान, मधुमेह, शिक्षण वगैरे सगळं वजा करूनही फरक उरला, साधारण 28 टक्क्यांचा. मोठा नाही, पण नाकारता न येणारा.

तरीही सगळ्यांत अवघड प्रश्न उरतोच. हिरड्या बऱ्या केल्या तर झटके कमी होतात का? 2007 साली मॉरित्सिओ तोनेत्ती आणि सहकाऱ्यांनी 120 रुग्णांवर केलेला अभ्यास मला याबाबतीत सगळ्यांत बोलका वाटतो. तीव्र पायरियाची कसून सफाई केली, तर दुसऱ्याच दिवशी रक्तातली सूज वाढली आणि रक्तवाहिन्यांची लवचीकता घटली. सहा महिन्यांनी मात्र, ज्यांची कसून सफाई झाली होती त्यांच्या रक्तवाहिन्या इतरांपेक्षा सुधारलेल्या होत्या. उपचाराने आधी थोडं बिघडतं, मग सुधारतं. पण रक्तवाहिनी सुधारणं वेगळं आणि झटका टळणं वेगळं. झटके टळतात हे दाखवायला हजारो माणसांना वर्षानुवर्षं दोन गटांत ठेवावं लागेल, आणि एका गटाच्या हिरड्या जाणूनबुजून तशाच सोडाव्या लागतील. असं कोण करणार, आणि का करू द्यावं? म्हणून 2012 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने सगळा पुरावा चाळून जे म्हटलं ते अजूनही टिकून आहे: संबंध आहे, आणि तो इतर कारणांपलीकडेही उरतो, कार्यकारणभाव सिद्ध नाही, हिरड्यांच्या उपचाराने हृदयविकार टळतो असाही पुरावा नाही.

इतकी सावधगिरी कशाला, असं विचारणाऱ्यांना एक जुनी गोष्ट सांगावी लागते. 1900 साली लंडनचे विल्यम हंटर यांनी तोंडातल्या घाणीने सगळ्या शरीराला रोग होतात असं मांडलं, आणि पुढच्या दशकात ते मत वणव्यासारखं पसरलं. मुळात त्यात तथ्य होतं. पण संधिवातापासून वेडापर्यंत प्रत्येक दुखण्याचं खापर दातांवर फुटायला लागलं, आणि इंग्लंड-अमेरिकेत लोकांचे धडधाकट दातही सरसकट उपटले गेले. रोग काही गेले नाहीत. तीस-चाळीस वर्षांनी लाट ओसरली, आणि मग उलटं टोक आलं: तोंडाचा शरीराशी काही संबंध नाही असं मानून दंतवैद्यक आणि वैद्यक शेजारी राहूनही एकमेकांशी बोलेनासे झाले. आजही हृदयाचा डॉक्टर छातीला नळी लावतो, पोट दाबतो, पाय बघतो. ‘आ करा’ क्वचितच म्हणतो.

या सगळ्या परदेशी अभ्यासांत एक गोष्ट कमी आहे आणि आपल्याकडे ती भरपूर आहे. मशेरी. चुलीवर तवा तापवायचा, त्यावर तंबाखूची पानं काळी होईस्तोवर भाजायची, हाताने चुरायची, डबीत भरायची. सकाळी चहाच्या आधी चिमूटभर मशेरी तर्जनीवर घेऊन दातांवर, हिरड्यांवर चोळत ओट्यावर बसायचं. दहा-पंधरा मिनिटं कुणी बोलायचं नाही. दुपारी कामं उरकली की पुन्हा, रात्री निजताना पुन्हा. ‘मशेरी लावल्याबिगर पोट साफ होत नाही’ हे वाक्य जुन्नर-आंबेगावात किती आज्यांच्या तोंडून ऐकलं असेल! अनेकींची सुरुवात दाढ दुखली म्हणून झालेली असते, नाहीतर पहिलटकरणीला मळमळतं म्हणून सासूनेच चिमूट दिलेली असते. ती तंबाखू आहे, हे त्यांच्या हिशेबी नसतंच. ते दात घासणं असतं. दुकानात विकत मिळणाऱ्या काही लाल-काळ्या मंजनांतही पूर्वी तंबाखू असायची, तेव्हा दोष एकट्या आजीला देऊन चालणार नाही.

या तंबाखूचा माग पहिल्यांदा नीट घेतला तो मुंबईनेच. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत फली मेहता यांनी दंतसंशोधनाचा एक विभाग उभा केला. कोपनहेगनच्या येन्स पिंडबोर्ग यांना सोबत घेऊन त्यांनी आणि प्रकाश गुप्ता आदी सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या 1,01,761 खेडूतांची तोंडं तपासली. त्याचे निष्कर्ष 1972 साली आले. शोध तोंडाच्या कर्करोगाचा होता, पण घरोघर जाऊन एक लाख तोंडं उघडून पाहणं ही गोष्टच थक्क करणारी आहे. पुढे नव्वदच्या दशकात गुप्तांनी मुंबईत पस्तिशीच्या पुढच्या 99,598 लोकांची पाहणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक बायका कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होत्या, आणि जवळजवळ सगळ्या धूर न काढता. राज्यात जुलै 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत तरीही महाराष्ट्रातली जवळजवळ चौथा हिस्सा प्रौढ माणसं बिनधुराची तंबाखू घेत होती.

तंबाखूमुळे हिरडी जिथे चोळली जाते तिथे मागे सरते, दाताची मुळं उघडी पडतात. त्याच तंबाखूतलं निकोटिन नाडी वाढवतं, रक्तदाब चढवतं. म्हणजे एकाच घरात, एकाच डबीमुळे हिरडीही बिघडते आणि हृदयही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की एकामुळे दुसरं बिघडलं. संशोधक सगळ्यांत जास्त भांडतात ते या तिसऱ्या पात्रावरून. शहाण्याने त्यात पडू नये. पात्र कुठलंही असो, डबी बाजूला ठेवली की दोन्ही बाजूंचा फायदा नक्की आहे, आणि त्यासाठी कुठल्या चाचणीची वाट पाहायची गरज नाही.

दुसरं असंच पात्र साखर. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो वैद्यकात प्रसिद्ध आहे. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या त्या फोटोत ते आणि त्यांचे इंग्रज मित्र जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही सारखाच, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीराच्या आत चरबी लपलेली असते, आणि मधुमेह लवकर गाठतो, हे त्यांनी वर्षानुवर्षं पुणे परिसरातल्या खेड्यांत काम करून दाखवलं. शेतात राबणाऱ्या काटक माणसाला साखर निघाली की गाव चकित होतं, त्याचं उत्तर इथे आहे. मधुमेहात हिरड्या झपाट्याने बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आवरू देत नाहीत. इथे मात्र पुरावा बळकट आहे: हिरड्यांची नीट सफाई केल्यावर तीन-चार महिन्यांत सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, साधारण 0.4 टक्क्याने उतरतो. एखादी जादा गोळी सुरू करून मिळतो त्याच्या जवळपासचा हा फायदा. मधुमेह हृदयाचा मोठा शत्रू. तेव्हा हिरडीपासून हृदयाकडे जाणारी सगळ्यांत भरवशाची वाट मला विचाराल तर साखरेतून जाते, आणि तिची चर्चा सगळ्यांत कमी होते.

आपल्या परंपरेत यातलं काय होतं, असं हमखास विचारलं जातं. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. तिथे वर्षावासाला राहिलेल्या भिक्खूंच्या आचारनियमांत दातवण करण्याला जागा होती. सुश्रुताने दातांच्या मुळांचे पंधरा रोग सांगितले, त्यांतल्या पहिल्याच्या लक्षणांत हिरडी मऊ पडून आपोआप रक्त येणं, दुर्गंध येणं हे सगळं आहे. वाग्भट तर दातवण करताना हिरडीला इजा होऊ देऊ नये असं बजावतो, आणि ज्यांनी दातवण करू नये त्यांच्या यादीत ताप, खोकला, तोंड येणं यांच्या सोबतीने हृदयरोगही घालतो. ते वाचून ‘बघा, आपल्याला आधीच माहीत होतं’ म्हणायचा मोह होतो. मला तो पटत नाही. आजाऱ्याला कडक काडीचा त्रास नको, एवढाच त्याचा सरळ अर्थ आहे. जंतू आणि सूज त्यात शोधणं म्हणजे वाग्भटावरही अन्याय. पण दात घासणं हा त्याने दिनचर्येचा आरंभ मानला, हे विसरण्यासारखं नाही.

हिरडा या झाडाचंही तसंच. भीमाशंकरच्या बाजूला, आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात बाळहिरडा गोळा करून महादेव कोळी कुटुंबांचं वर्ष निघतं. जून 2020 मधल्या निसर्ग वादळात ही झाडं पडली तेव्हा त्यांची रोजीरोटीच बुडाली. हिरड्याच्या काढ्याची चूळ तुरट असते, हिरडी आवळल्यासारखी वाटते, तोंड स्वच्छ लागतं. खुशाल करावी. पण पाच मिलिमीटर खोल खाचेच्या तळाशी बसलेलं कीटण कुठल्याही चुळीने सुटत नाही, मग ती हिरड्याची असो, मीठ-हळदीची असो की औषधाच्या दुकानातल्या बाटलीतली. ते खरवडूनच काढावं लागतं.

पुढच्या पानांत घरच्या निगेबद्दल सविस्तर आहे, त्याची इथे पुनरुक्ती करत नाही. काही गोष्टी मात्र आत शिरायच्या आधीच कानावर घालतो, कारण त्यांच्यावाचून नुकसान होतं. सरकारी दवाखान्यात रक्तदाबासाठी जी गोळी सर्रास मिळते, ती ॲम्लोडिपिन, तिने काही जणांच्या हिरड्या वाढतात. दोन दातांच्या मधली हिरडी फुगून दातावर चढते. ज्यांचं तोंड आधीच अस्वच्छ त्यांना हे जास्त होतं. गोळी मनाने बंद करू नये. डॉक्टरला तोंड दाखवावं, तो दुसरी गोळी देऊ शकतो. हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या असतात आणि त्यामुळे सुजलेल्या हिरडीतून रक्त जास्त येतं. ते पाहून, किंवा उद्या दाढ काढायची आहे म्हणून, परस्पर गोळ्या बंद करणाऱ्यांचा स्टेंट गुठळीने बंद पडू शकतो. दाढ त्या गोळ्या चालू ठेवूनही काढता येते. दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी एक फोन केला तरी काम भागतं.

आणि जबड्याचं दुखणं. हृदयाची कळ दर वेळी छातीतच येते असं नाही. ती खालच्या जबड्यात, दातांत, हनुवटीशी येऊ शकते. बांधावर चढताना किंवा कांद्याची गोणी उचलताना जबडा दुखतो आणि बसलं की थांबतो, तर ती दाढ नव्हे. सोबत घाम फुटला, दम लागला, तर 108 ला फोन लावावा, लवंग दाबून बसू नये. बायकांत आणि मधुमेह्यांत अशी आडवळणाची कळ जास्त, म्हणून त्यांच्या बाबतीत घरच्यांनी अधिक जागरूक असावं.

अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर मोजून मिळते, दाताची खुर्ची सहसा नसते. त्यासाठी ग्रामीण रुग्णालय गाठावं लागतं, नाहीतर खासगी दवाखाना, आणि एक दिवसाची मजुरी बुडते. पण तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची तपासणी करायची सरकारी मोहीम आता गावात येते, आशाताई तोंडातल्या न भरणाऱ्या जखमेबद्दल आणि पांढऱ्या-लाल चट्ट्यांबद्दल विचारतात. तोंड उघडलेलंच असतं. त्याच वेळी ‘चूळ टाकताना रक्त येतं का, दात हलतात का’ एवढं विचारायला वेगळी योजना लागत नाही. हे लिखाण त्यांच्या हाती पडावं अशी माझी इच्छा आहे, आणि औषधांच्या दुकानात बसणाऱ्या पोरांच्याही, कारण गावात पहिला सल्ला तेच देतात.

बिडी सोडणाऱ्यांसाठी एक सूचना राहिली. धुरातल्या निकोटिनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, म्हणून बिडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून आजार असूनही रक्त कमी येतं. बिडी सोडली की महिन्या-दीड महिन्यात रक्त दिसायला लागतं. माणूस घाबरतो, ‘ओढत होतो तेव्हा काही नव्हतं’ म्हणतो आणि पुन्हा बिडीकडे वळतो. ते रक्त आधीच्याच आजाराचं असतं, आणि त्या वेळी दंतवैद्याकडे गेलं तर खाच किती खोल आहे हे कळतं. त्याबद्दलचा मजकूर पुढे तिसऱ्या प्रकरणात आहे. बिडी सोडायच्या विचारात असलेल्याने तिथूनच वाचायला सुरुवात केली तरी चालेल.